दहा रुपयांची पावती

सिनेमाचं नाव ठरायचं होतं,
शाप मात्र ठरलेला होता.
डायरेक्टर म्हणाला, उल्हास, वस्तू अशी आण
की कॅमेरासुद्धा आवंढा गिळेल.
आर्टवाल्यांची थर्मोकोलची कवटी होती,
पण ती स्वतःलाच हसत होती.

म्हणून शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेलो.
सुकी सुंगटं आणि किल्ल्या हरवलेली कुलपं
यांच्यामधे एस्पेरांसा फुर्तादो बसली होती.
नवरा हळदोण्याला शवपेट्या करायचा,
त्याची हत्यारं मांडलेली: रंधा, पटाशी, करवत
आणि गुंडाळलेली एक कापडी टेप,
काविळीच्या डोळ्यासारखी पिवळी.
"हिचे किती?"
"धा. परत हाडूं नाका."
मी पावती मागितली, प्रॉडक्शनला लागते.
ती म्हणाली, "हिची पावती मागीर मेळटा."

तिसऱ्या दिवशी ड्रेसदादांची टेप हरवली.
बाबल्यानं न विचारता माझी ट्रंक उघडली
आणि अख्ख्या युनिटची मापं घेतली.
हिरोइनची कंबर, भुताचे खांदे,
पाद्रीचं काम करणाऱ्या सांतान मास्तरांची
टाळूपासून टाचेपर्यंत लांबी.
"झग्याला टाच कशाला रे?"
"काय की, सायबा. हात आपोआप खाली गेला."

सांतान मास्तर रविवारी गेले.
शॉट ओके झाल्यावर, मेकअप उतरवून, चहाचा कप परत देऊन.
युनिट म्हणालं, कलाकार असावा तर असा,
कंटिन्यूइटी सांभाळून गेला.
म्हापशाहून तयार पेटी आणली,
ती अशी बसली की बोट घालायला जागा नव्हती.

बुधवारी बाबल्यानं ताडपत्रीसाठी जनरेटर मोजला.
जनरेटर जागच्या जागी थंड.
हे मात्र सगळ्यांनी मनाला लावून घेतलं,
जनरेटरचं भाडं दिवसावर होतं.

प्रोड्युसर पणजीहून आला तो खुशीत.
याला म्हणतात पब्लिसिटी, म्हणाला,
टेप हारासारखी गळ्यात घातली, फोटो काढवले.
"सतरा," बाबल्या सवयीनं बोलून गेला.
कोणी हसलं नाही.
बाहेर पोदेरानं भोंपू वाजवला
आणि दोन लाइटदादा टेबलाखाली.

मी टेप घेऊन परत म्हापशाला.
एस्पेरांसानं ती हातातही घेतली नाही.
"ती कोणाक मारिना रे.
चाळीस वर्सां माझ्या घोवान ती निजिल्ल्यांक लायली.
उब्या मनशाची तिका संवंय ना,
घुस्पता बापडी."
मग गिऱ्हाईक आलं, ती करवतीचा भाव सांगू लागली.

सिनेमा लागला, चार दिवस चालला.
प्रोड्युसर त्याच्या आदल्या दिवशी गेला,
लोक म्हणाले, सुटला.
परीक्षणात छापून आलं,
भीती कुठे दिसत नाही.
मी टेप डिचोलीला घरी आणली,
बिस्किटांच्या डब्यात घालून माळ्यावर चढवली.
जाळणार होतो. पण काय सांगणार जाळताना,
कापडाची चिंधीच ती.

परवा चवथीच्या तयारीत घर उलथंपालथं.
दुपारी जरा डोळा लागला होता माझा.
उठलो तर उशाशी बायको, हातात कागद, त्यावर आकडे.
"सदरा शिवायला टाकायचाय तुमचा.
टेप माळ्यावर सापडली.
तुम्ही गाढ झोपला होता, उठवलं नाही."
"लांबी पण घेतलीस?"
"घेतली की.
पाय हलवत होता, मग आपोआप सरळ झालात."

काल सदरा आला.
बरोब्बर बसतो. काखेतसुद्धा सुरकुती नाही.
शेजारची वैनी म्हणाली, नवरदेव दिसता.

मी प्रॉडक्शनला फोन लावला.
म्हटलं, दहा रुपयांची ती पावती
आता मिळेलसं वाटतंय, चालेल का?
अकाउंटंट म्हणाला,
तुमचा हिशेब कधीच बंद झाला.